खाऊचो नाय, तर धरूचो कित्याक?

आमच्या ऑफिसात रजेचा अर्ज टाकला की पहिला प्रश्न येतो, ‘कुठे?’ आणि दुसरा, ‘कुणाबरोबर?’ मी म्हटलं, ‘अंदमान. बाबांबरोबर. मासे पकडायला.’ बॉस आधी हसला, मग माझ्याकडे नीट बघून गप्प झाला. एकतीस वर्षांची, बऱ्या पॅकेजची मुलगी अप्रेझलच्या तोंडावर आठ दिवस रजा घेते ती युरोपासाठी नाही, लग्नासाठी नाही, तर वडिलांबरोबर गरी टाकून बसायला! क्यूबिकलमध्ये दोन दिवस तोच विषय होता.

आता थोडं मागे जाते. आम्ही मालवणकडचे. मे महिन्याची सुट्टी म्हणजे आमच्याकडे आंबे, फणस आणि खाडीवर गरवणं. बाबा बँकेत होते. मुंबईत शर्ट इन करून लोकलला लटकणारा हा माणूस गावी उतरला की तासाभरात लुंगी गुंडाळून खाडीवर हजर. नायलॉनची दोरी, शिशाचा तुकडा, गरीला सुंगटं. ‘गरवूक येतस?’ एवढंच विचारायचे. मी जायचे. तासन् तास बोलणं नाही, फक्त बोटावर दोरी. दोरीला एक बारीक झटका बसला की आमच्या दोघांच्या भुवया एकदम वर. काळुंद्रं मिळायची, नशीब असेल तर तांबोशी. घरी आणल्यावर आजी टोपलीत डोकवायची आणि तळहातापेक्षा लहान मासा दिसला की बाबांना झापायची, ‘पोरां कित्याक हाडलंस रे?’

2022च्या दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. वेळेत दवाखान्यात पोचलो, बोलणं परत आलं, चालणंही आलं. उजवा हात मात्र अर्धाच परत आला. कप धरता येतो, सुई धरता येत नाही. दुसऱ्या वर्षी मेमध्ये गावी गेलो, तर ते खाडीवर गेलेच नाहीत. दोरी पडवीत खुंटीला तशीच. ‘कंटाळा येता,’ म्हणाले. मालवणी माणसाला गरवायचा कंटाळा! मला कळायचं ते कळलं.

अंदमानचं निमित्त बाबांनीच दिलं. सेल्युलर जेल बघायची त्यांची जुनी इच्छा. मी इंटरनेटवर हॉटेल शोधत होते, तर शेजारी कोपऱ्यात फोटो आला. एक माणूस, हातात त्याच्या छातीएवढा चंदेरी मासा, खाली लिहिलेलं, ‘जीटी, पकडला आणि सोडला’. बाबांनी चष्मा पुढे ओढला. ‘कोकर गो ह्यो! पण ह्या मापाचो?’ बस्स. त्या ‘मापाचो’मध्ये दोन वर्षांत पहिल्यांदा जान होती. मी तिकिटं काढली.

जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली. आपल्याकडे ज्याला कोकर म्हणतात त्याच कुळातला, पण हा प्रवाळाच्या कडेला शिकार करणारा दादा. साठ किलोच्याही वर जातो. त्याच्यासाठी जगभरचे हौशी गळवाले अंदमानला येतात. शिवाय डॉगटूथ ट्युना, बॅराकुडा, आपली सुरमई, तऱ्हेतऱ्हेचे हेकरू. हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल. त्यानंतर पावसाळी वारं सुटतं, आणि लहान बोटीतून बाहेर जाणं म्हणजे निव्वळ हौसेने हाडं मोडून घेणं. आम्ही 2025च्या फेब्रुवारीत गेलो.

पोर्ट ब्लेअरला (2024पासून नाव श्री विजयपुरम) पहिला दिवस जेलमध्ये गेला. बाबा सावरकरांच्या कोठडीपाशी बराच वेळ उभे होते. त्यावर मी लिहीत नाही, तो त्यांचा वेळ होता. दुसऱ्या दिवशी फेरीने हॅवलॉक. याचंही नाव 2018मध्ये स्वराज द्वीप झालं, पण फेरीच्या धक्क्यावर अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात.

आणि इथे माझ्या डोक्यातला सगळा फंडा पहिल्यांदा कोसळला. मला वाटलेलं, समुद्र म्हणजे समुद्र. बोट घ्यायची, लांब जायचं, गळ टाकायचा. छे! अंदमानच्या पाण्यात अशा रेषा आखलेल्या आहेत की आपल्या हाउसिंग सोसायटीच्या पार्किंगमध्येही नसतील. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान 1983पासून आहे. हॅवलॉकच्या शेजारच्याच बेटांमध्ये राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान, 1996पासून. या उद्यानांच्या पाण्यात मासेमारी नाही. रॉड नाही, दोरी नाही, ‘फक्त एकच टाकतो’ नाही. पश्चिमेला नॉर्थ सेंटिनेल बेट आहे. त्याच्याभोवती पाच सागरी मैल, म्हणजे नऊ किलोमीटरहून जास्त, कुणीच जायचं नाही. 2006मध्ये तिथे दोन मच्छीमार मारले गेले होते. त्यांची बोट रात्रीत वाहत किनाऱ्याला लागली होती. हे वाचल्यावर ‘अॅडव्हेंचर’ हा शब्द मी जरा जपून वापरायला लागले.

बोटींचंही तसंच. अंदमान-निकोबारला मासेमारीचं स्वतःचं 2003चं नियमन आहे, आणि मासेमारीच्या बोटीला परवाना लागतो. पर्यटकाने निदान एवढं तरी करावं, की पैसे द्यायच्या आधी कागद बघायला मागावा. मागितला की चेहरे बदलतात आणि तुम्हाला जे समजायचं ते समजतं.

आमचंच बघा. हॉटेलवर एक एजंट भेटला. गॉगल डोक्यावर, बोलणं मध. इतर बोटींच्या निम्मे पैसे, वर ‘फिश गॅरंटी’. समुद्रात मासळीची गॅरंटी देणाऱ्या माणसाकडे बाबांनी असं बघितलं, जसं ते बँकेत खोट्या सहीकडे बघत असतील. मी खोदून विचारलं, कुठे नेणार? तो म्हणाला, बटन बेटांच्या बाजूला. मी नकाशा काढला. ती बेटं सरळ राष्ट्रीय उद्यानात. तो हसला, ‘मॅडम, सुबह पाँच बजे कौन देखता है?’

खरं सांगू? मी हो म्हणणार होते. दोनच दिवस हातात होते, चांगल्या बोटीचे पैसे ऐकून पोटात गोळा आलेला, आणि मला बाबांना मासा मिळवून द्यायचा होता. कसाही. रांगेत मध्ये घुसणाऱ्या, सिग्नल तोडणाऱ्या सगळ्या माणसांकडे असंच एखादं गोड कारण असतं, हे मला तिथे समजलं. बाबांनी एकच वाक्य टाकलं. ‘चोरून गरवूचा नाय.’ कायदा, प्रवाळ, पर्यावरण यातलं काहीच त्यांच्या मनात नव्हतं. दुसऱ्याच्या वाट्याच्या पाण्यात आपली गरी टाकायची नाही, एवढंच गावातलं वळण. विषय संपला.

मग कागद असलेली बोट शोधली. तिचे पैसे ऐकून बाबा म्हणाले, ‘एवढ्यात मालवणात होडीच येत.’ येणार नाही, पण असो.

तांडेल पंचविशीतला होता. मूळ कुटुंब मायाबंदरकडचं, करेन समाजातलं. ब्रह्मदेशातून शंभर वर्षांपूर्वी इथे आणून वसवलेले हे लोक, आणि समुद्राचे पक्के जाणकार. हिंदी फर्मास. पहाटे निघताना त्याने जीपीएसच्या पडद्यावर बोट ठेवून उद्यानाची हद्द दाखवली. ‘इधर नहीं, उधर.’ मग त्याने काय काय करायचं नाही ते सांगितलं. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, बोट वाहत ठेवायची. गळाला तीन आकड्यांचा हुक नाही, एकेरी हुक, आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला. शार्क लागला तर वर न घेता दोर कापायचा. जायंट ग्रूपर, म्हणजे हेकरूंमधला सर्वांत राक्षसी, 2001पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. त्याला हात लावायचा नाही. शंख, प्रवाळ, समुद्रकाकडी बोटीत घ्यायची नाही. शेवटी म्हणाला, ‘और जीटी हम नहीं मारते.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ‘मारत नाय म्हणजे?’

‘सोडून द्यायचा, बाबा.’

‘खाऊचो नाय, तर धरूचो कित्याक?’

मला उत्तर आलं नाही. दोन वर्षं मी ‘सस्टेनेबल’ हा शब्द प्रेझेंटेशनमध्ये वापरत होते, पण या प्रश्नाला माझ्याकडे एकही स्लाइड नव्हती.

आधी खोल पाण्यात जिगिंग झालं. म्हणजे चकचकीत धातूचा मासा ऐंशी मीटर खाली सोडायचा आणि झटके देत वर आणायचा. बाबा डाव्या हाताने दोरी घेऊन बसले, गावच्या सवयीने बोटावर. तिसऱ्याच खेपेला झटका! मी आणि तांडेलच्या पोऱ्याने मिळून वर ओढलं. सुंदर तांबूस हेकरू, चारेक किलोचा. पण त्याचं तोंड बघून मी मागे सरकले. तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलेलं, डोळे खोबणीतून निघाल्यासारखे.

तांडेलने समजावलं. दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. ऐंशी मीटरवर तो पृष्ठभागाच्या नऊपट. वर येता येता माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतला वायू नऊपट फुगतो, आणि जठर तोंडावाटे बाहेर ढकललं जातं. असा मासा पाण्यात सोडला तर तो खाली जाऊच शकत नाही. वर तरंगत राहतो, मग घारीचा किंवा शार्कचा. वजन लावून त्याला परत खोल पोचवायचं साधन असतं, पण या बोटीवर ते नव्हतं.

मी तरी म्हटलं, ‘सोडूया ना.’ मला फार वाईट वाटत होतं, आणि ते वाईट वाटणं कुणीतरी लवकर पाण्यात टाकून द्यावं असं वाटत होतं.

बाबांनी माशाकडे नीट बघितलं. ‘ह्यो जगाचो नाय. ह्येका सोडून तुझ्या मनाक बरा वाटात, ह्येका काय?’ तांडेलला मालवणी समजलं नसावं, पण मान त्याने बरोबर हलवली. मासा बर्फात गेला. मग बाबांनीच दोरी गुंडाळायला घेतली. ‘पुरे. आता खोल टाकू नको. जेवणाक एक झाला.’

नंतर वाचलं, तेव्हा कळलं की बरेच हेकरू आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. म्हणजे सगळ्यात मोठा तेवढा उचलत राहिलं तर एखाद्या खडकावरचे नरच संपतात. लहान उचलला तर अजून अंडी घातलेली नसतात. आजीचं ‘पोरां कित्याक हाडलंस’ निम्मंच खरं होतं तर! बाकी निम्मं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे महाराष्ट्रात 2023मध्ये सरकारने 54 जातींच्या माशांची किमान मापं ठरवून दिली, पापलेट 135 मिलिमीटरपेक्षा लहान धरायचं नाही वगैरे. आजी असती तर म्हणाली असती, आता इतक्या उशिरा?

जीटीसाठी उथळ प्रवाळाच्या कडेला आलो. इथे पॉपर वापरतात. लाकडी, पुढून खोलगट आमिष. ते लांब फेकायचं आणि झटक्याने ओढायचं, की पाण्यावर ‘ब्लुप्’ असा आवाज होतो. बाबांना फेकणं शक्य नव्हतं. मी फेकत राहिले. वीस वेळा, तीस वेळा, चाळीस. जिमची मेंबरशिप किती वाया जातेय याचा तो जाहीर पुरावा होता. बाबा मागे बसून कॉमेंटरी करत होते. आणि मग पाणी फुटलं. खरंच सांगते, दगड पडावा तसं. रील ओरडायला लागलं, रॉड वाकून बोटीच्या कडेला टेकला, आणि मी ‘बाबा!’ अशी किंचाळले की शेजारच्या बेटावरच्या हरणांनीही ऐकलं असेल.

या रीलची मूठ डावीकडे असते. रॉड उजव्या हाताने धरायचा, डाव्याने फिरवायचं. माझे दोन्ही हात रॉड सांभाळण्यातच संपले होते. बाबा उठले, माझ्या डावीकडे येऊन उभे राहिले आणि डाव्या हाताने मूठ पकडली. मी रॉड वर घ्यायची, ते खाली जाताना फिरवायचे. मी वर, ते गोल. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पंधरा मिनिटं असेल, अर्धा तास असेल. पोऱ्याने माझी कंबर मागून धरून ठेवलेली, नाहीतर आम्ही बापलेक दोघं जीटीच्या घरी पाहुणे गेलो असतो.

वर आला तो सुमारे पंधरा किलोचा. तांडेल म्हणाला, लहान आहे! चंदेरी, रुंद कपाळ, डोळ्यांत अजिबात भीती नाही, नुसता राग. तांडेलने हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग होतो. हुक एका हिसक्यात निघाला. मासा पाण्यातच होता.

‘सोडलो तर जगतलो?’ बाबांनी विचारलं. मी हिंदीत केलं. तांडेल म्हणाला, वरच्या पाण्यातला आहे, पोट फुगलेलं नाही, पटकन सोडला तर जगेल. मग हसत म्हणाला, ‘अंकल, मार दिया तो एक दिन का खाना. छोड़ दिया तो अगले साल कोई और इसी के लिए मेरी नाव लेगा.’ शिवाय प्रवाळावरचे मोठे शिकारी मासे खाण्यात एक धोका असतोच. लहान माशांमधलं शेवाळाचं विष त्यांच्यात साठत जाऊ शकतं, आणि ते शिजवून जात नाही.

हिशेब चोख होता. पण बाबांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि मला अजूनही ते पूर्ण मिळालेलं नाही. आपल्या गमतीसाठी एका जिवाला अर्धा तास झुंजवायचं आणि मग ‘जा’ म्हणायचं, यात पुण्य शोधू नये. बाबा ज्या गरवण्यात वाढले त्यात मासा आणि माणूस यांच्यात निदान भूक तरी होती. तरीही त्या दिवशी परत विचारलं असतं, तर मी परत फेकला असता. एकेचाळीसाव्यांदा.

बाबा कठड्यावरून वाकले. तांडेलने त्यांचा डावा हात माशाच्या शेपटीच्या देठावर ठेवला. मग, मला नीट आठवतं, त्यांनी उजवा हातही पाण्यात घातला आणि तळवा माशाच्या पोटाखाली धरला. तेवढं त्या हाताला जमत होतं. मासा कल्ले उघडत होता, मिटत होता. दोन मिनिटं गेली. मग एक फटकारा, आम्ही तिघं चिंब, आणि खाली निळ्यात एक चंदेरी रेघ, मग तीही नाही.

बाबा हात तसाच पाण्यात ठेवून बसले होते. ‘थंड होतो गो,’ एवढंच म्हणाले.

संध्याकाळी हॉटेलच्या किचनमध्ये मोठा ड्रामा झाला. कुकने हेकरूचा ‘बटर गार्लिक’ करायचा प्रस्ताव मांडला. बाबांनी खिशातून पुडी काढली. त्यात सोलं आणि तिरफळं! मालवणहून मुंबई, मुंबईहून अंदमान. मी म्हटलं, ‘मासा मिळेल अशी खात्री होती?’ ते म्हणाले, ‘खात्री नाय. पण तयारी व्हयी.’ कुक बंगाली होता, त्यालाही माशातलं कळत होतं, त्यामुळे युद्ध सन्मानाने झालं. अर्धा मासा त्याच्या सरसोंत, अर्धा आमच्या तिरफळात. तांडेलला आणि पोऱ्याला जेवायला बोलावलेलं. कोणता जिंकला ते सांगत नाही, मला माहेरी जायचंय.

परतताना विमानतळावर आमच्या पुढच्या जोडप्याच्या बॅगेतून शंख आणि प्रवाळाचे तुकडे निघाले. किनाऱ्यावर पडलेलेच होते हो, असं बाई कळवळून सांगत होती. पडलेलेही न्यायचे नसतात. आमच्या बॅगेत फक्त वाळू होती आणि एक पॉपर, दातांचे ओरखडे पडलेला. तांडेलने बाबांना भेट दिलेला.

परवा गावाहून बाबांचा फोन आला. खाडीवर जाऊन आले म्हणे. डाव्या हाताने गाठ मारायला शेजारच्या पोराने शिकवली. ‘कायेक गावला?’ मी विचारलं.

‘काळुंद्र एक. लहान होता.’

‘मग?’

‘मग काय? फोन ठेव, सुंगटां आणूक जाऊचा आसा.’